रुग्णांचा स्वतंत्र आवाज आरोग्य कार्यालयाच्या समितीत विलीन करावा का?

पायवाट

आमच्या तालुक्यात सरकारी आरोग्य सेवांवर लोकांच्या वतीने देखरेख करणारा एक गट अनेक वर्षांपासून काम करत आहे. ही प्रक्रिया ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्याचाच भाग म्हणून २००७ मध्ये देशातील नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात तो पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तत्कालीन उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाला व पुढे आणखी जिल्ह्यांत गेला. गावात बैठक घ्यायची, आरोग्यसेविका नियमित येते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे मिळतात की बाहेरची चिठ्ठी हातात पडते, बाळंतपणासाठी कोणी पैसे मागितले का, हे लोकांनाच विचारायचे, उत्तरांवरून हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत गावाचे आरोग्य प्रगतिपत्रक तयार करायचे, आणि मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर सर्वांदेखत मांडायचे, अशी ती पद्धत आहे.

आता आमच्या गटाला मिळणारा निधी थांबला आहे. त्याच सुमारास तालुका आरोग्य कार्यालयाने एक प्रस्ताव मांडला आहे. वेगळा गट चालवण्याची आता गरज नाही, तुमच्यापैकी दोघांना आरोग्य केंद्राच्या जन आरोग्य समितीत घेतो, आणि रुग्णांच्या समाधानाचे सर्वेक्षण यापुढे कार्यालयच करील, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रस्ताव मांडणारे अधिकारी सज्जन आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही ज्याच्या कामाविषयी बोलायचे त्याच्याच टेबलाशी बसून, त्यानेच काढलेल्या विषयपत्रिकेवर बोलायचे, हे मला पटत नाही. गटातील निम्मे सदस्य म्हणतात की बाहेर राहून उपाशी मरण्यापेक्षा आत जाऊन चार गोष्टी मांडलेल्या बऱ्या. असा अनुभव कोणाला असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

केसपेपर

तुम्हाला समितीत दोन जागा मिळत आहेत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या आवाजासाठी एक तक्रारपेटी आहे. तिला भक्कम कुलूप आहे आणि किल्ली पूर्वीच हरवली आहे. त्यामुळे तक्रारदारांची गोपनीयता शंभर टक्के जपली गेली आहे.

गणपूर्ती

मी एका रुग्ण कल्याण समितीवर लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने आलेला सदस्य होतो, त्यामुळे आतून काय दिसते ते सांगू शकतो. ही कल्पना मुळात मध्य प्रदेशातील आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात स्थानिक लोकांच्या सहभागातून दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचे काम झाले, ते यशस्वी ठरले, आणि पुढे आरोग्य अभियानाने देशभर अशा समित्या नोंदणीकृत संस्था म्हणून उभ्या केल्या. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र आमच्या बैठकीत रुग्ण हा शब्द फक्त समितीच्या नावात येत असे. छताची गळती, जनरेटरचे डिझेल, सफाईचे कंत्राट आणि मागील खर्चास मंजुरी एवढ्यात वेळ संपे. पैसा वेळेत खर्च झाला नाही तर पुढच्या वर्षी कमी येतो, म्हणून बहुतेक बैठका मार्चमध्ये होत. बैठक नसेल तेव्हा शिपाई नोंदवही घेऊन घरी येई आणि सदस्य ओट्यावर बसून सही करत.

यात कोणी लबाड होते असे मला म्हणायचे नाही. समितीची रचनाच संस्थेचा कारभार चालवण्यासाठी होती. कारभार चालवणाऱ्या माणसाला त्याच कारभाराविरुद्ध साक्ष देता येत नाही, आणि पायवाट यांच्या गटाला नेमक्या याच जागी बसवले जात आहे.

दुर्गम_वैद्य

मी एका आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. या धाग्यावर माझी बाजू मांडणारा मी बहुधा एकटाच असेन, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

जनसुनवाईत मी उभा राहिलो आहे. समोर तीनशे माणसे, माइक हातात घेतलेला एक कार्यकर्ता, आणि प्रश्न असा की रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिने का नव्हत्या. आता औषधांची मुख्य खरेदी मी करत नाही. ती २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खरेदी प्राधिकरण आले, आणि या सगळ्या स्थित्यंतरात आम्ही केवळ मागणीपत्र पाठवून वाट पाहणारे लोक आहोत. डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे. कागदावर माझ्यासोबत आणखी एक वैद्यकीय अधिकारी आहे, पण ते पद रिकामे आहे. रात्रीचे बाळंतपण आटोपून सकाळची बाह्यरुग्ण तपासणी करणाऱ्या माणसाला संध्याकाळी सर्वांदेखत विचारले जाते की तुम्ही अमुक दिवशी दुपारी जागेवर का नव्हता. स्वतंत्र आवाज हवा हे मान्य आहे, पण तो खालच्या कर्मचाऱ्यावरच का आदळतो, याचे उत्तर स्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्यांनी द्यावे.

दुसरे म्हणजे, स्वतंत्र म्हणवणारा प्रत्येक माणूस स्वतंत्र नसतो. आमच्याकडे रुग्णांच्या नावाने सर्वांत मोठ्याने बोलणारे गृहस्थ खासगी रुग्णवाहिका चालवतात.

सेवानिवृत्त_सेविका

डॉक्टर, तुमचे दुखणे मला समजते. मी आरोग्यसेविका म्हणून आयुष्य काढले आणि लाल रंगाचे प्रगतिपत्रक माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर लागलेले पाहिले आहे. पहिल्या दिवशी रडू आले. परंतु त्या पत्रकात एक ओळ अशीही होती की उपकेंद्राच्या इमारतीत पाणी नाही, म्हणून सेविका रात्री मुक्काम करू शकत नाही. ही गोष्ट मी मासिक सभेत अनेकदा सांगितली होती आणि दर वेळी तिची नोंद 'कर्मचाऱ्याची सबब' अशीच झाली. गावाने जनसुनवाईत तीच गोष्ट मांडली आणि पाण्याची टाकी आली. माझ्या तोंडून जे गाऱ्हाणे होते तेच गावाच्या तोंडून मागणी झाले. म्हणून मला वाटते की स्वतंत्र गट मोडला तर नुकसान केवळ रुग्णांचे होणार नाही.

वॉर्ड_क्रमांक

ग्रामीण भागात निदान मोडण्यासारखे काहीतरी उभे राहिले. शहरात राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाखाली पन्नास ते शंभर कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती असावी, तिला वर्षाला पाच हजार रुपये अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी मिळावा, अशी तरतूद आहे. मी तीन वेगवेगळ्या वस्त्यांत राहिलो आणि शेजाऱ्यांना विचारले. बहुतेकांना आपल्या वस्तीत समिती आहे हे माहीत नव्हते, आणि ज्या एका बाईंना माहीत होते त्या स्वतःच सदस्य निघाल्या. त्यांनाही ते नुकतेच कळले होते.

टेम्सकाठी

पायवाट यांचा प्रश्न वाचून मी चकित झालो, कारण मी राहतो त्या इंग्लंडमध्ये नेमका हाच वाद सध्या चालू आहे. तिथला इतिहास थोडा लांबलचक आहे, पण तुमच्या निर्णयासाठी उपयोगी पडेल असे वाटते.

१९७४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची पुनर्रचना झाली तेव्हा प्रत्येक भागात सामुदायिक आरोग्य परिषद स्थापन करण्यात आली. तिचे निम्मे सदस्य स्थानिक स्वराज्य संस्था नेमत, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांतून येत, आणि उरलेला एक षष्ठांश भाग तेवढा प्रादेशिक आरोग्य प्राधिकरण नेमत असे. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्या हातात सदस्य नेमण्याचा अधिकार फारच थोडा होता. परिषदेला रुग्णालयात जाऊन पाहणी करण्याचा हक्क होता, आणि एखादे रुग्णालय बंद करण्यास तिने हरकत घेतली तर तो विषय थेट मंत्र्यांपर्यंत जाई. साहजिकच ती सर्वांना प्रिय नव्हती. काही परिषदा कमालीच्या सुस्तही होत्या, हे मान्य केले पाहिजे.

२००३ मध्ये इंग्लंडातील परिषदा बरखास्त झाल्या आणि त्यांच्या जागी रुग्ण व जनसहभाग मंच आले. २००८ मध्ये ते मंच गेले आणि 'लिंक' नावाची स्थानिक जाळी आली. २०१३ मध्ये तीही गेली आणि प्रत्येक स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत 'हेल्थवॉच' आले. आता २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने हेल्थवॉचही बंद करण्याचा मानस जाहीर केला आहे. त्याची आरोग्यविषयक कामे स्थानिक आरोग्य मंडळांकडे, सामाजिक काळजीविषयक कामे स्थानिक प्रशासनाकडे आणि राष्ट्रीय पातळीवरील काम आरोग्य खात्यातील नव्या संचालनालयाकडे जाईल, असे सांगण्यात आले आहे. कारण अगदी तुमच्या तालुका कार्यालयाने दिले तेच आहे: ऐकून घेणे हे सेवा देणाऱ्याचेच कर्तव्य असताना त्यासाठी वेगळी संस्था कशाला?

या मालिकेतील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की कोणतीही नवी रचना पाच ते बारा वर्षांहून अधिक टिकली नाही. लोकांना तिचे नाव आणि पत्ता ठाऊक होईपर्यंत ती बदललेली असे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भीषण हेळसांड झाली. तिच्यावरील रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्या काळात रुग्णांच्या सहभागासाठी नेमलेल्या रचना अस्तित्वात होत्या, तरीही हाक दिली ती रुग्णांच्या नातेवाइकांनी स्वतः उभारलेल्या गटाने. चौकशीपुढे आलेल्या साक्षींमध्ये जुन्या परिषदांची तुलना नंतरच्या रचनांशी जवळजवळ प्रत्येक वेळी जुन्यांच्या बाजूनेच झाली, अशी नोंद त्या अहवालात आहे.

शंकासुर

टेम्सकाठी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटाही असू शकतो. चार वेळा रचना बदलूनही आवाज पोहोचत नसेल, तर कदाचित स्वतंत्र संस्था हा उपायच चुकीचा असेल. ज्याच्याकडे खाटा, औषधे आणि पगारपत्रक आहे त्यालाच ऐकण्याची सक्ती करावी. बाहेरून ओरडणाऱ्याला अधिकार नसतात आणि आतल्याला सवय नसते. त्यातल्या त्यात सवय लावता येते.

टेम्सकाठी

सवय लावण्यास माझी हरकत नाही. पण रुग्णालयाने स्वतः केलेल्या सर्वेक्षणात कोणता प्रश्न विचारायचा हे रुग्णालय ठरवते, आणि उत्तर गैरसोयीचे असेल तर ते छापायचे की नाही हेही तेच ठरवते. हेल्थवॉच कितीही दुबळे असले तरी त्याला रुग्णालयात व वृद्धाश्रमात प्रवेश करून पाहण्याचा कायदेशीर अधिकार आहे आणि अहवाल प्रसिद्ध करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्याचे दुबळेपण बहुतांशी पैशाचे आहे. निधी स्थानिक प्रशासनामार्फत येतो आणि तो त्याच कामासाठी राखून ठेवण्याचे बंधन नव्हते. प्रशासनाला कात्री लावायची झाली की पहिला हात तिथेच जाई.

झाडाखालचा

पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. महाराष्ट्रातील देखरेखीच्या प्रक्रियेला निधी कोणाकडून मिळत होता? आरोग्य अभियानाकडूनच. राज्य पातळीवर पुण्याची 'साथी' संस्था समन्वय करत होती, जिल्ह्या-तालुक्यांत स्थानिक संस्था होत्या, पण आर्थिक तरतूद वार्षिक कृती आराखड्यात खात्याच्या संमतीनेच व्हायची. मी त्या प्रक्रियेत काम केले आहे. मंजुरी उशिरा यायची, कधी वर्ष निम्मे सरल्यावर यायची, आणि दरम्यान कार्यकर्ते मानधनाविना गावोगाव जायचे. ज्या वर्षी जनसुनवाया तिखट झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी मंजुरीला आणखी उशीर झाला की काय, हे मी पुराव्यानिशी सांगू शकत नाही. पण आमच्या मनात तो विचार येऊ लागला, आणि एकदा तो विचार आला की प्रगतिपत्रकावर लाल रंग भरताना हात अडखळतो. कोणी काही न बोलताही स्वातंत्र्य असे कमी होते.

तेव्हा पायवाट यांनी 'आधी आपण स्वतंत्र होतो आणि आता विलीन होणार' अशी मांडणी करू नये. ते आधीही अर्धेच स्वतंत्र होते.

पायवाट

झाडाखालचा, हे बोचले, पण खरे आहे. मग प्रश्न असा उरतो की तुमच्या मते सरकारी पैसा घेऊच नये का? देणग्यांवर तालुक्याचे काम चालत नाही. वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या माणसाला एसटीचे भाडे तरी द्यावे लागते.

मुळाक्षर

या प्रश्नावर ब्राझीलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे १९९० च्या एका कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत आरोग्य परिषद अनिवार्य केली, आणि तिच्यात सेवा वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी बाकी सर्वांच्या एकत्रित संख्येइतके, म्हणजे निम्मे, असले पाहिजेत असे ठरवले. परिषद नसेल तर त्या नगरपालिकेला केंद्र सरकारचा आरोग्य निधी थेट मिळत नाही. आपल्याकडे खाते लोकांच्या गटाचा पैसा रोखू शकते. तिथे लोकांची परिषदच नसेल तर प्रशासनाचा पैसा अडतो. सरकारी पैसा असण्यात दोष नाही, तो कोणाच्या मर्जीने थांबू शकतो एवढेच पाहायचे.

तिथेही परिषदा स्थानिक पुढाऱ्यांच्या ताब्यात जातात, सदस्य तेच ते राहतात, अशा तक्रारी आहेत. कायद्याने सगळे आपोआप होते असे मी म्हणत नाही.

केसपेपर

म्हणजे पुढारी तिथेही पोर्तुगीज बोलणारा आपलाच माणूस आहे.

निळी_चिठ्ठी

सर्वजण संस्थांविषयी बोलत आहेत, मी तक्रार करणाऱ्या बाईविषयी बोलते. माझ्या नात्यातल्या एका मुलीकडून बाळंतपणानंतर 'आनंदाने द्या' म्हणून पैसे घेतले गेले. तिने तक्रार केली नाही, कारण बाळाच्या लसी त्याच केंद्रात द्यायच्या होत्या आणि पुढचे बाळंतपणही तिथेच होणार होते. गावाजवळ दुसरे केंद्र नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही निश्चितच मोठी गोष्ट आहे, पण त्यानंतर 'फुकट मिळते आहे, वर तक्रार कसली' हे वाक्य मी अधिक ऐकते.

अशा वेळी ऑनलाइन तक्रार प्रणालीचा किंवा रुग्णालयातून बाहेर पडल्यावर मोबाइलवर येणाऱ्या समाधानाच्या संदेशाचा उपयोग होत नाही. तिचा नंबर त्यांच्याकडे असतो. गावातील गटाच्या बैठकीत मात्र ती बोलली, कारण तिथे तिचे नाव लिहिले गेले नाही. गावातील आणखी बाया बोलल्या आणि ती एकीची तक्रार न राहता गावाचा निष्कर्ष झाला. दोन सदस्य समितीत जाऊन बसले तर ही बैठक कोण घेणार? कार्यालयाचे सर्वेक्षण घ्यायला येणार ती आशा ताई. तिचा मोबदला त्याच कार्यालयाच्या सहीने निघतो, म्हणून तिच्यासमोर ही मुलगी 'सेवा उत्तम' असेच सांगेल, आणि आशा ताईही मनात हुश्श म्हणून तेच लिहून घेईल.

सेवानिवृत्त_सेविका

आशा ताईच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. तिला दोन्हीकडून कात्रीत धरू नका.

दुर्गम_वैद्य

निळी चिठ्ठी यांचा मुद्दा मला सर्वांत पटला आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातील प्रश्नाचे काही अंशी उत्तरही त्यात आहे. माझा राग नाव घेऊन, माइकवर, एका दिवसात उरकल्या जाणाऱ्या तमाशावर होता. गावाचा निष्कर्ष लेखी स्वरूपात आधी हाती आला तर मी त्याची कारणे शोधून ठेवीन. कोणता भाग माझ्या हातात आहे, कोणता तालुक्याच्या आणि कोणता मुंबईच्या, हे जनसुनवाईत वेगळे मांडता येईल. पण मग त्या दिवशी उत्तर द्यायला जिल्हा आरोग्य अधिकारीही समोर हवेत. ते 'तातडीच्या बैठकीमुळे' येत नाहीत आणि सापडतो तो केंद्रावरचा माणूस.

टोकदार

माझा विरोध नोंदवतो. देखरेख, समित्या, जनसुनवाया हे सर्व सरकारी सेवेपुरतेच. बहुसंख्य लोक पैसे मोजून खासगी दवाखान्यात जातात. तिथे रुग्णाचा आवाज कोण ऐकतो?

मुळाक्षर

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्ण हक्कांची सनद लावणे आणि तक्रार निवारणाची सोय असणे आवश्यक झाले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची सनद तयार केली, ती दोन्ही क्षेत्रांना लागू व्हावी हाच तिचा उद्देश होता. हा विषय मोठा आहे, त्याच्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे पायवाट यांना उत्तर हवे आहे.

इतिवृत्तकार

मी निवृत्त कारकून आहे, तेव्हा कारकुनाच्या नजरेने बोलतो. आतापर्यंतच्या चर्चेत जागा, पैसा आणि भीती आली, पण ज्या कागदावर सर्व अवलंबून असते तो आला नाही. समितीत दोन सदस्य असोत की दहा, इतिवृत्त लिहितो सचिव, आणि आरोग्य केंद्राच्या समितीत सचिव म्हणजे वैद्यकीय अधिकारी. दुर्गम वैद्य यांनी गैरसमज करून घेऊ नये, हा व्यक्तीवरचा आक्षेप नाही. तुम्ही बैठकीत अर्धा तास पोटतिडकीने बोललात तरी इतिवृत्तात 'सदस्यांनी औषधसाठ्याबाबत विचारणा केली, समाधानकारक खुलासा करण्यात आला' एवढेच उरते. पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त वाचून कायम होते, तुमच्या सहीसह. त्यानंतर तुम्ही बाहेर जाऊन ओरडलात तर तुमच्याच सहीचा कागद तुमच्यासमोर धरला जातो. बाहेर असताना तुम्ही तक्रारदार होता, आत गेल्यावर निर्णयाचे भागीदार होता. विलीनीकरणाचा खरा परिणाम हा आहे.

म्हणून आत जायचे असेल तर पुढील अटी आधी लेखी मान्य करून घ्या. गटाने दिलेले टिपण शब्दशः इतिवृत्ताला जोडले जाईल. असहमती नावासह नोंदवली जाईल. इतिवृत्त आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. कार्यालयाने नाही म्हटले तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून प्रती मागता येतातच, पण तीस दिवसांनी मिळणारे इतिवृत्त आणि लगेच फलकावर लागणारे इतिवृत्त यांचा परिणाम सारखा नसतो.

शंकासुर

इतिवृत्तकार यांचे म्हणणे वाचून माझे मत थोडे बदलले आहे. ऐकण्याची सवय आतल्याला लावावी असे मी म्हणालो होतो. पण त्याने ऐकले की नाही याची नोंदही तोच ठेवणार असेल तर सवय लागली हे कळणार कसे?

तरी एक आक्षेप शिल्लक आहे. बाहेरचा गट कोणाला उत्तरदायी आहे? दुर्गम वैद्य यांच्या रुग्णवाहिकावाल्या गृहस्थांना कोण आवरणार?

झाडाखालचा

ग्रामसभा. आमच्या भागात जिथे देखरेख टिकली तिथे गट ग्रामसभेने नेमलेला होता. सदस्य कोण, किती काळ, औषध दुकान, प्रयोगशाळा किंवा रुग्णवाहिकेशी त्यांचा संबंध आहे का, हे सर्वांसमोर विचारले जात होते. संस्था गेली, निधी गेला, तरी ते गट पुढे काही काळ चालले, कारण त्यांना नेमणारे गाव जागच्या जागी होते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला मिळणारे दहा हजार रुपये हा त्यांचा आधार नव्हता. ते बहुतेक वेळा फिनाइल आणि वजनकाट्यातच संपत. आधार होता तो ग्रामसभेच्या ठरावाचा. ठराव मोडायचा झाला तर तो तालुक्याहून मोडता येत नाही.

तालुका पातळीवर मात्र ग्रामसभा पुरत नाही, आणि तिथे सरकारी पैशाशिवाय काम कसे चालवावे याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

वॉर्ड_क्रमांक

शहरात ग्रामसभाही नाही. आम्ही काय करावे?

केसपेपर

तक्रारपेटीची किल्ली शोधावी.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्या गटाची बैठक झाली आणि या धाग्यातील बरेच मुद्दे मी तिथे वाचून दाखवले. मतभेद संपले नाहीत, पण पुढील गोष्टींवर बहुमत झाले.

गट विसर्जित करायचा नाही. ज्या गावांत आमचे काम आहे तिथल्या येत्या ग्रामसभांत गटाच्या नेमणुकीचा ठराव मांडायचा, आणि प्रत्येक सदस्याने आपले व्यावसायिक संबंध तिथेच जाहीर करायचे. समितीतील दोन जागा नाकारायच्या नाहीत, मात्र तिथे जाणारे सदस्य गटाचे प्रवक्ते नसतील आणि समितीचा कोणताही निर्णय गटावर बंधनकारक नसेल, हे कार्यालयाला पत्राने कळवायचे. इतिवृत्तकार यांच्या अटी त्या पत्रात जशाच्या तशा घेतल्या आहेत. सर्वेक्षणाबाबत आम्ही सुचवत आहोत की कार्यालयाने ते खुशाल करावे, पण त्याच गावांत त्याच महिन्यात आमच्या बैठकाही होतील आणि दोन्हींचे निष्कर्ष शेजारी शेजारी लावले जातील. तालुक्याच्या खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. सध्या प्रवास जवळच्या गावांपुरता मर्यादित केला आहे. म्हणजे दूरच्या पाड्यांचा आवाज या वर्षी येणार नाही, आणि तो सर्वांत आधी यायला हवा होता, हे आम्हाला ठाऊक आहे.

इतिवृत्तकार

पत्र दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. आवक-जावक विभागातील व्यक्ती जेवायला गेली असेल तर बसून राहा.

दुर्गम_वैद्य

आणि त्या पत्राची एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवून जनसुनवाईस त्यांनी स्वतः उपस्थित राहावे अशी अट घाला. रिक्त पदांचा प्रश्न यादीत पहिला ठेवलात तर तालुक्यातील निम्मे वैद्यकीय अधिकारी तुम्हाला आकडे आणून देतील, निदान मी तरी देईन.

निळी_चिठ्ठी

दूरच्या पाड्यांसाठी एक सूचना. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथल्या बाया खाली येतातच. बैठक त्या दिवशी, बाजाराजवळ, पण आरोग्य केंद्राच्या आवारात नव्हे, अशी ठेवता येईल का?

पायवाट

हे सुचले नव्हते. आमच्याकडे बाजार गुरुवारी भरतो, त्याच दिवशी केंद्रात लसीकरण असते. वेळ जुळवता येते का ते पाहतो आणि कळवतो.